नाकारायला डोळा पुरे, स्वीकारायला नाही

2022 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात एका मोठ्या कुटुंबातली नऊ माणसे एकत्र जमली. जेवणात काळ्या अस्वलाच्या मांसाचे कबाब होते. ते अस्वल मे महिन्यात कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांताच्या उत्तरेकडे मारलेले होते. परजीवी मरावेत म्हणून मांस गोठवून ठेवा, असा सल्ला शिकारीची व्यवस्था पाहणाऱ्यांनी दिला होता आणि तो पाळलाही गेला होता. घरच्या फ्रीजरमध्ये उणे 15 अंश सेल्सिअसला ते मांस 45 दिवस होते. अस्वलाचे मांस मुळातच गडद रंगाचे असते, त्यामुळे ते आतून शिजले की नाही हे रंगावरून कळत नाही. कबाब कच्चे राहिल्याचे काही जणांनी खायला सुरुवात केल्यावर लक्षात आले, तेव्हा ते परत भाजले. पण उशीर झाला होता. पुढे सहा जणांना ताप, स्नायूंच्या वेदना, डोळ्यांभोवती सूज अशी ट्रिकिनेलोसिस या परजीवी अळ्यांच्या आजाराची लक्षणे दिसली आणि तिघांना रुग्णालयात ठेवावे लागले. या सहांपैकी दोघांनी मांस खाल्लेच नव्हते, त्यांनी फक्त त्याच्यासोबत भाजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. उरलेले मांस प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा 110 दिवसांहून अधिक काळ गोठवूनही त्यातल्या अळ्या जिवंत होत्या.

या माणसांना बेफिकीर म्हणता येणार नाही. त्यांनी मांस गोठवले, भाजले, कच्चे वाटताच पुन्हा भाजले. त्यांचे चुकले ते एका विश्वासात, आणि रानातले मांस खाणाऱ्या जगभरच्या माणसांचा तोच विश्वास असतो: रोगट मांस पाहिल्यावर कळते. या विश्वासाचा अर्धा भाग खरा आहे. प्राण्याचे वागणे, त्याची कातडी, यकृत, फुप्फुस पाहून पुष्कळ काही कळते आणि ज्याला ते पाहता येत नाही त्याने शिकारीचे मांस हाताळूच नये. पण डोळ्याची साक्ष एकाच बाजूने ग्राह्य आहे. डोळ्याने ‘हे खाऊ नका’ म्हटले तर ते निमूटपणे ऐकावे. डोळ्याने ‘हे खायला हरकत नाही’ म्हटले, तर त्याचा अर्थ एवढाच की डोळ्याला दिसण्याजोगे काही सापडले नाही. हा भेद शब्दांचा वाटतो, पण माणसे आजारी पडतात ती याच फटीतून.

आधी डोळ्याचे बळ पाहू. कत्तलखान्यात जनावर कापण्यापूर्वी पशुवैद्य त्याला जिवंतपणी पाहतो: उभे कसे राहते, चालते कसे, श्वास कसा घेते. शिकारीत हे काम शिकाऱ्यालाच करावे लागते, आणि तेही गोळी झाडण्यापूर्वीच्या दोन-चार मिनिटांत. माणसाला पाहूनही न पळणारे हरीण, जागच्या जागी गोल फिरणारा कोल्हा, कान पाडून बसलेला आणि हाताने धरता येईल इतका सुस्त ससा, लाळ गाळणारा, मान खाली घालून लडखडणारा, बरगड्या मोजता येतील इतका वाळलेला प्राणी, यांतले एकही चिन्ह दिसले तरी त्या प्राण्याचे मांस बाद धरावे. रानातला प्राणी आजार लपवतो, कारण जो लंगडतो तो आधी मारला जातो. म्हणून त्याचा आजार वागण्यात उघड दिसू लागला, तर तो बराच पुढे गेलेला असतो. शिकाऱ्याला सोपी वाटणारी शिकार हीच पुष्कळदा संशयाची शिकार असते.

सगळ्यांत मोठे चिन्ह मात्र सगळ्यांत जास्त डावलले जाते, आणि ते म्हणजे आपोआप मेलेला प्राणी. ज्याला आपल्याकडे काळपुळी किंवा फाशी म्हणतात, त्या अँथ्रॅक्समध्ये धडधाकट दिसणारे जनावर एकाएकी मरते, लवकर फुगते, नाकातोंडातून न गोठणारे काळसर रक्त येते. असे धूड उघडून तपासणे हीच चूक ठरते, कारण हवा लागली की जंतू बीजाणूंच्या रूपात जातात आणि हे बीजाणू मातीत कित्येक वर्षे टिकतात. 2011 साली झांबियाच्या चामा जिल्ह्यात 85 पाणघोडे मेले. आसपासच्या गावांतल्या लोकांनी त्यांचे मांस खाल्ले. त्या सप्टेंबरात माणसांमध्ये अँथ्रॅक्सचे 511 रुग्ण आणि 5 मृत्यू नोंदले गेले. पुढे घरोघरी केलेल्या पाहणीत आढळले, की मांस खाणाऱ्यांप्रमाणेच ते वाहून नेणाऱ्यांना आणि कापणाऱ्यांनाही धोका होता. गॅबॉनमधल्या मायिबू गावात 1996 साली जंगलात मेलेला चिंपांझी सापडला आणि तो गावात आणून कापला गेला. त्या साथीत इबोलाचे 37 रुग्ण झाले, त्यांतले 21 दगावले. आपल्या जवळचे उदाहरण खाण्याचे नाही, पण धडा तोच देते. 1957 साली कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने पडली. तोच माकडताप पुढे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग परिसरात पोचला. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी नवा यजमान शोधत उतरतात, म्हणून तिथे मेलेले माकड दिसले की हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचे, हे गावागावांत सांगावे लागले. रानात मेलेला प्राणी सापडला तर तो कशाने मेला याचा अंदाज बांधत बसू नये. तो खाण्याचा पदार्थ नव्हे, एवढे तिथेच ठरते.

प्राणी निरोगी दिसला आणि मारला गेला, तर पुढचा टप्पा पोट उघडण्याचा. इथे जाणत्या नजरेला खरेच पुष्कळ वाचता येते. यकृत एकसारख्या रंगाचे, गुळगुळीत आणि धारदार कडांचे असावे, प्लीहा सुजलेली नसावी, फुप्फुसे हलकी आणि गुलाबी असावीत, बरगड्यांच्या आतले अस्तर चकचकीत असावे, पोटात पू किंवा गढूळ पाणी नसावे. लसिकाग्रंथी फुगलेल्या, चिरल्यावर खडबडीत किंवा पनीरासारख्या भुसभुशीत लागल्या, तर ते धोक्याचे लक्षण. मुख्य अडचण अशी, की मांसाचा तुकडा हाती येतो तेव्हा ही सगळी साक्ष गेलेली असते. आतडी, यकृत, फुप्फुस शिकारीच्या जागीच टाकून दिले की उरते ते लालभडक मांस, आणि ते नेहमीच चांगले दिसते. जो अवयव खायचा नाही तोच आधी नीट पाहायचा असतो, ही गोष्ट घाईत सुटते.

सशांच्या तुलारेमियाचे उदाहरण डोळ्याच्या बाजूने सर्वांत जोरदार आहे. कॅलिफोर्नियातल्या तुलारी काउंटीत 1911 साली खारींमध्ये हा आजार प्रथम ओळखला गेला. एडवर्ड फ्रान्सिस या अमेरिकी डॉक्टरने पुढे त्याला त्या काउंटीवरून नाव दिले आणि माणसातला आजार तोच असल्याचे दाखवले. आजारी सशाच्या यकृतावर आणि प्लीहेवर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके विखुरलेले असतात, आणि ते एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. ठिपके दिसले की ससा टाकून द्यायचा, हे अमेरिकेतल्या शिकाऱ्यांना कित्येक पिढ्या सांगितले गेले आहे. पण ठिपके दिसतात कधी? ससा सोलून, पोट फाडून झाल्यावर. आणि या जंतूला माणसात शिरायला तोंडाची वाट लागत नाही. हाताच्या बारीक खरचटीतून, डोळ्यात उडालेल्या थेंबातून, श्वासातूनही तो जातो, आणि दहा-पन्नास जंतूही त्याला पुरतात. मांस नीट शिजवले तर हा जंतू मरतो, म्हणजे इथे जेवणारा बऱ्यापैकी सुरक्षित आणि सोलणारा धोक्यात. तपासणी म्हणजे ‘खाण्यापूर्वी पाहणे’ एवढीच कल्पना असेल, तर तपासणाराच पहिला रुग्ण होतो. रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, हाताला जखम असेल तर दुसऱ्याला काम देणे, हे सोपस्कार तपासणीच्या आधीचे आहेत.

मिशिगनमधल्या हरणांचा क्षय डोळ्याची मर्यादा दाखवतो. तिथे 1975 साली एका शिकाऱ्याच्या हरणात गुरांचा क्षय आढळला. तो अपवाद समजला गेला. 1994 साली त्याच भागात दुसरे हरीण सापडले आणि पुढच्या वर्षापासून हरणांची पद्धतशीर तपासणी सुरू झाली, तेव्हा कळले की तिथल्या रानातल्या कळपांत हा आजार मुरलेला आहे. बरगड्यांच्या आतून वाटाण्यासारख्या पिवळसर गाठी दिसल्या तर हरीण तपासणीसाठी पुढे करा, असे शिकाऱ्यांना शिकवले गेले आणि त्याचा उपयोगही झाला. परंतु पुष्कळ बाधित हरणांच्या छातीत काहीच दिसत नाही. गाठी असतात त्या डोक्यातल्या आणि घशाजवळच्या लसिकाग्रंथींत, आणि त्या भागाकडे शिकारी पाहतच नाही. म्हणून तिथे हरणाचे डोकेच तपासणीला मागतात. तिथल्याच एका शिकाऱ्याला 2004 साली हरीण साफ करताना बोट कापल्याने हा संसर्ग झाला. 2017 साली दुसऱ्या एकाला फुप्फुसाचा क्षय झाला, आणि बाधित हरणाची आतडी काढताना जंतू श्वासातून गेले असावेत, असा तपासकर्त्यांचा निष्कर्ष होता.

इथे एक उलटी बाजूही नोंदवायला हवी, कारण तिने माझा मुद्दा अधिक पक्का होतो. जे दिसायला किळसवाणे असते ते पुष्कळदा निरुपद्रवी असते. हरणाचे डोके कापल्यावर नाकाच्या मागच्या पोकळीत बोटाच्या पेराएवढ्या जाडजूड अळ्या वळवळताना दिसतात. त्या नाकात अंडी घालणाऱ्या माशीच्या असतात आणि मांसाशी त्यांचा काही संबंध नसतो. हरणाच्या कातडीवर काळ्या मोठ्या चामखिळी लोंबतात, त्या बहुधा कातडीपुरत्याच असतात. यकृतात चपट्या पानासारखा मोठा यकृतकृमी निघतो. उत्तर अमेरिकेतल्या हरणांमध्ये आढळणारी त्याची मोठी जात माणसाला होत नाही, यकृत टाकून मांस वापरता येते. रानबदकाच्या छातीचे मांस चिरले की तांदळाचे दाणे पेरल्यासारखे दिसते. तो सार्कोसिस्टिस नावाचा परजीवी, पाहूनच जेवण नकोसे होईल असा, पण माणसाला त्याची बाधा होत नाही. म्हणजे नवखा शिकारी रानबदक फेकून देतो आणि लाललाल, देखणे रानडुक्कर आनंदाने घरी नेतो. धोका आणि किळस यांचे नाते आपण समजतो तेवढे जवळचे नाही. किळस ही आपल्या पूर्वजांनी जपलेली उपयुक्त भावना आहे, पण तिला रोगनिदान येत नाही.

त्या देखण्या रानडुकराकडे आता वळायला हवे, कारण मांसतपासणीचा आधुनिक इतिहासच त्याच्या मांसातल्या एका किड्यापासून सुरू होतो. 1835 साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात जेम्स पॅजेट नावाचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी एका प्रेताचे विच्छेदन पाहत होता. प्रेताच्या स्नायूंत पांढरे कण होते, आणि त्यांच्यामुळे शस्त्राची धार बोथट होत होती. असे कण आधीही अनेकांनी पाहिले होते, पॅजेटने ते सूक्ष्मदर्शकाखाली नेले आणि प्रत्येक कणात गुंडाळी करून बसलेली अळी पाहिली. शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेनने तिचे वर्णन आणि नामकरण केले. ट्रिकिनेलोसिस घडवणारा ट्रिकिनेला तो हाच. शस्त्राला बोथट करणारे ते कण म्हणजे जुन्या, चुना साचलेल्या पुटी होत्या. संसर्ग ताजा असतो तेव्हा पुटी मऊ, अर्धपारदर्शक आणि अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतात, मांसाच्या धाग्यांत त्या डोळ्याला लागत नाहीत. म्हणजे अळ्या सर्वांत घातक असतात तेव्हाच त्या दिसत नाहीत.

हा किडा माणसाला मारतो हे कळायला आणखी पंचवीस वर्षे गेली. 1860 साली ड्रेस्डेनमध्ये फ्रीडरिश त्सेंकर या डॉक्टरने आजाराने मेलेल्या एका तरुण मोलकरणीच्या स्नायूंत या अळ्या पाहिल्या आणि त्यांचा माग तिने खाल्लेल्या डुकराच्या मांसापर्यंत काढला. पाचच वर्षांनी हेडर्सलेबेन या जर्मन गावात डुकराच्या कच्च्या खिम्यातून साथ पसरली आणि सुमारे शंभर माणसे मेली. जर्मन डॉक्टर रूडोल्फ विर्शो यांनी प्रत्येक डुकराचे मांस सूक्ष्मदर्शकाखाली तपासले पाहिजे अशी मोहीम चालवली. तिला खाटकांचा, शेतकऱ्यांचा, काही सहकारी डॉक्टरांचाही विरोध झाला. मांस तर चांगले दिसते, मग हा खर्च कशाला, असा त्यांचा सवाल होता. अखेर प्रशियात आणि मग जर्मनीभर ही तपासणी रुजली. काचेच्या दोन जाड पट्ट्यांमध्ये मांसाचे बारीक तुकडे दाबून, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसे ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. आता पद्धत बदलली आहे. जिभेचा, पुढच्या पायाचा किंवा श्वासपटलाचा तुकडा पेप्सिन आणि हायड्रोक्लोरिक आम्लात पचवतात, म्हणजे जठरात जे घडते तेच भांड्यात घडवतात. मांस विरघळते, अळ्या तळाशी बसतात आणि मोजता येतात.

युरोपीय संघाचा आजचा नियम डोळ्याची ही मर्यादा मान्य करूनच लिहिलेला आहे, आणि तो मला फार समंजस वाटतो. मोठी शिकार बाजारात जायची असेल तर प्रशिक्षित व्यक्तीने धड आणि अंतर्गत अवयव पाहिले पाहिजेत. मारण्यापूर्वी प्राण्याचे वागणे विचित्र नव्हते, अवयवांत काही आढळले नाही, परिसर दूषित असल्याचा संशय नाही, असे क्रमांक घातलेले निवेदन तिने धडाला जोडायचे. ते जोडले की हरणाचे डोके आणि आतडी पाठवण्याची गरज उरत नाही. पण रानडुकरासारखा ट्रिकिनेला होऊ शकणारा प्राणी असेल, तर निवेदन असले तरी डोके आणि श्वासपटल धडासोबत गेलेच पाहिजे. डोळ्याला पूर्ण मान द्यायचा, पण जिथे त्याला दिसत नाही तिथे त्याच्या शब्दावर विसंबायचे नाही, हे या एका अटीत सामावले आहे. बव्हेरियातल्या रानडुकरांच्या बाबतीत तर आणखी एक तपासणी लागते, रोगाशी संबंध नसलेली. 1986 च्या चेर्नोबिल अपघातातला किरणोत्सारी सीझियम तिथल्या जमिनीखालच्या बुरशीत टिकून आहे, डुकरे ती उकरून खातात, आणि किलोमागे 600 बेकरेलची मर्यादा ओलांडणारे मांस बाद होते. त्या मांसालाही वेगळा रंग, वास किंवा चव नसते.

यावरचा पहिला आक्षेप सर्वांच्या ओठावर असतो: नीट शिजवले की झाले. बहुतांश रोगांबाबत हे खरे आहे, आणि शिकारीचे मांस आतून 74 अंश सेल्सिअसपर्यंत तापेल असे शिजवावे, हा सल्ला काटेकोरपणे पाळावा. आपल्याकडची मटण रटरटून शिजवण्याची रीत या बाबतीत कौतुकाची आहे. पण शिजवण्याआधी मांस चिरले जाते, धुतले जाते, त्याच विळीवर कोथिंबीर कापली जाते. साउथ डकोटातल्या दोघांना भाज्यांनीच आजारी पाडले. गोठवण्याचे आश्वासन तर त्याहून कच्चे आहे. पाळीव डुकरातल्या अळ्या गोठवल्याने मरतात, पण उत्तर ध्रुवाजवळच्या अस्वलात, वॉलरसात, कोल्ह्यात असलेली ट्रिकिनेलाची जात थंडीला सरावलेली आहे. एका प्राण्याबद्दलचा खरा नियम दुसऱ्या प्राण्याला लावला, म्हणून तो खोटा ठरला.

आणि एक आजार असा आहे, जिथे चूल काहीच करू शकत नाही. 1967 साली कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स इथल्या एका संशोधन केंद्रात बंदिस्त हरणे झिजून मरू लागली. कुपोषण, विषबाधा, ताण अशी कारणे शोधली गेली. 1978 साली एलिझाबेथ विल्यम्स या पशुवैद्य संशोधिकेने त्यांचे मेंदू तपासले आणि त्यांत स्पंजासारखी छिद्रे पाहिली. हा प्रायॉनचा आजार होता, मॅड काऊच्या कुळातला. 1981 साली तो रानातल्या एल्क हरणात सापडला, आणि आज तो अमेरिकेतल्या तीसहून अधिक राज्यांत आहे. 2016 साली तो नॉर्वेच्या रानटी रेनडियरमध्ये आढळला, तेव्हा तिथल्या सरकारने नूरफ्येलाच्या पठारावरचा दोन हजारांहून अधिक प्राण्यांचा कळप पूर्ण मारून टाकला. बाधित हरीण दीड-दोन वर्षे पूर्ण निरोगी दिसते. चरते, पळते, माजावर येते, आणि त्या काळात लाळेतून, विष्ठेतून प्रायॉन टाकत राहते. शेवटी ते हाडांचा सापळा होते, पण त्या अवस्थेतले हरीण शिकाऱ्याच्या हाती क्वचित लागते, आधीच ते लांडग्यांना किंवा गाड्यांना बळी पडते. हाती लागते ते धडधाकट दिसणारे. प्रायॉन हे विकृत घडीचे प्रथिन आहे, त्याला मारायला त्यात जीवच नाही, आणि स्वयंपाकाच्या कोणत्याही तापमानाला ते नष्ट होत नाही. घशामागच्या लसिकाग्रंथींचा किंवा मेंदूच्या देठाचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवणे, एवढा एकच मार्ग उरतो.

हा आजार हरणातून माणसाला झाल्याचे एकही सिद्ध उदाहरण आजवर नाही. हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे, कारण भीती विकणारे ते लपवतात. मग ज्या हरणाची चाचणी सकारात्मक आली ते खाऊ नका, असे अमेरिकेची आरोग्य यंत्रणा का सांगते? ‘पुरावा नाही’ या शब्दांवर विसंबून काय होते याचे ताजे उदाहरण समोर आहे. ब्रिटनमध्ये गाईंचा मॅड काऊ आजार 1986 साली ओळखला गेला. माणसाला धोका असल्याचा पुरावा नाही, हे वाक्य दहा वर्षे उच्चारले गेले आणि त्या त्या वेळी ते शब्दशः खरेही होते. 1996 साली सरकारला उलटे सांगावे लागले. तोवर कोट्यवधी लोकांनी ते मांस खाल्लेले होते आणि अखेर एकट्या ब्रिटनमध्ये 170 हून अधिक माणसे त्या असाध्य मेंदूविकाराने मेली. हरणांच्या आजाराचेही तसेच होईल, असे मी म्हणत नाही. प्रजातींमधली भिंत इथे अधिक भक्कम असल्याची चिन्हे आहेत. पण जिथे आजाराला उपचार नाही आणि चाचणी उपलब्ध आहे, तिथे अहवालाची वाट पाहण्यात एक जेवण पुढे ढकलण्यापलीकडे गमावण्यासारखे काही नाही.

दुसरा आक्षेप अधिक आदराने ऐकण्यासारखा आहे. माणूस लाखो वर्षे शिकार खात आला, आदिवासी आजही खातात, त्यांच्यापाशी प्रयोगशाळा कुठे होती? त्यांच्यापाशी डोळा होता, आणि तो आपल्या शहरी डोळ्यापेक्षा कितीतरी तयार होता. पण पूर्वज आजारी पडत नव्हते, हे आपण मानून चालतो. त्यांचे ताप आणि त्यांचे मृत्यू कुणी मांसाशी जोडले नाहीत, एवढेच खरे. या आक्षेपाला सर्वांत चांगले उत्तर कॅनडाच्या क्वेबेक प्रांताच्या उत्तरेकडील इनुइट लोकांनी कृतीने दिले आहे. ते वॉलरसचे मांस कच्चे किंवा आंबवून खातात. तो त्यांच्या अन्नपरंपरेचा गाभा आहे आणि तो सोडा असे त्यांना कुणी सांगू नये. ट्रिकिनेलाच्या साथी वारंवार होऊ लागल्यावर 1990 च्या दशकात त्यांनी वेगळी वाट काढली. शिकार झाली की वॉलरसच्या जिभेचा तुकडा कूजुआक इथल्या त्यांच्याच संशोधन केंद्रात जातो, आणि अहवाल येईपर्यंत गावात मांस वाटले जात नाही. शिकारी तेच, खाण्याची रीतही तीच राहिली, फक्त मध्ये थोडी वाट पाहणे आले. प्रयोगशाळा ही परंपरेची शत्रू नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

भूक हा मात्र खरा अडथळा आहे, आणि त्याला शिकवणुकीने उत्तर देता येत नाही. झांबियातल्या त्याच पाहणीत 23 टक्के लोकांनी सांगितले, की मेलेला पाणघोडा सापडला तर आम्ही पुन्हा खाऊ. कारण धान्य नाही, मांस नाही, पोट रिकामे आहे. त्यांना धोका माहीत होता. अशा ठिकाणी मांसतपासणीचा प्रश्न रेशनच्या दुकानापाशी सुरू होतो. जो हे समजून न घेता ‘लोक अडाणी आहेत’ म्हणतो, त्याने साथीचे कारण अर्धेच पाहिले.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे शिकारीच्या मांसाची अधिकृत तपासणी असा प्रकारच नाही. तरीही कोकणात, विदर्भात, घाटावर रानडुकराचे मटण गुपचूप वाटले जाते, हे कुणापासून लपलेले नाही. उत्तराखंडात रानडुकराच्या मांसातून माणसांना ट्रिकिनेलोसिस झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, म्हणजे हा किडा फक्त युरोपातला नाही. चोरून मारलेल्या प्राण्याची तपासणी होणे शक्यच नसते. आतडी रानात पुरलेली, डोके फेकलेले, मांस रात्रीतून वाटलेले. वाटा घेणाऱ्याला प्राणी कसा मेला हेही ठाऊक नसते. फासात अडकून दोन दिवस तडफडला की आपोआप मेलेला सापडला, याचे उत्तर पिशवीतल्या तुकड्यांवर लिहिलेले नसते. कायद्याचा धाक बाजूला ठेवला तरी ते मांस न घेण्याला हे कारण पुरेसे आहे.

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांची गोष्ट वेगळी आहे. अमेरिका, कॅनडा, जर्मनी या देशांत शिकार कायदेशीर असते, आणि हिवाळ्याच्या तोंडावर शेजारी किंवा ऑफिसातला सहकारी हरणाच्या मांसाचे पाकीट प्रेमाने आणून देतो. ते नाकारायची गरज नाही. पण घेताना विचारा: प्राणी मारण्यापूर्वी कसा दिसत होता, आतले अवयव कुणी पाहिले, या भागात हरणांची किंवा डुकरांची चाचणी होते का, आणि झाली असेल तर अहवाल काय आला. जबाबदार शिकाऱ्याला या प्रश्नांचा राग येत नाही, ती माहिती त्याने स्वतःच्या घरासाठी आधीच काढलेली असते. अहवाल यायचा असेल, तर तो येईपर्यंत ते पाकीट उघडू नका.